भोंगा बाळंतीण झाला त्याची गोष्ट

कान झाकू नका मित्रांनो! आज मी ओरडणार नाही. ओरडायचं म्हटलं तरी जमायचं नाही, कारण माझ्या तोंडात बोळा आहे. बोळा कसला, ते पुढं सांगतो. आधी ओळख करून घ्या.

मी एक जुना भोंगा. खर्ड्याच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथल्या चौकातल्या खांबावर माझा मुक्काम. अंगावरचा राखाडी रंग उडालाय, कडेला एक मोठा पोचा आहे. देवानं तुम्हाला तोंडाबरोबर नाक दिलं, कान दिले, डोळे दिले. मला नुसतंच तोंड दिलं. त्यामुळं मी बघतो तोंडानं आणि ऐकतोही तोंडानंच. वाडीत माझ्यासारखी माणसंही आहेत म्हणा, पण नावं घेत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, गोल फिरवला, ठोकला, रंग मारला. जन्मल्यावर मी रडलो का? छे! रडायला मागं आवाज काढणारं युनिट लागतं, आणि ते नगरच्या दुकानात बसवलं. त्याच दुकानातून मला रज्जाकनं घेतलं. तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं, आणि 'रज्जाक साउंड सर्व्हिस' अशी पाटी त्यानं दुकान नसतानाच रंगवून घेतली होती.

एसटीत त्यानं मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "याचं आर्धं तिकीट लागंल."

"सायेब, ह्याला आजून पाच वर्सं व्हायचीत," रज्जाक म्हणाला.

कंडक्टर पुढं गेला आणि या पठ्ठ्यानं माझं युनिट काढलं, मागच्या बारक्या भोकाला तोंड लावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गाडी फेल झालीय हो, समद्यांनी खाली उतरा!" निम्मी एसटी चिचोंडीच्या फाट्यावर खाली. उरलेला प्रवास आम्ही दोघांनी कंडक्टरच्या शेजारी उभं राहून केला, त्याच्या शिव्या ऐकत. माझी आणि रज्जाकची जोडी जमली ती त्या दिवशी.

मग सुरू झाले माझे चैनीचे दिवस. वाडीत वरच्या आळीला देऊळ, खालच्या आळीला मशीद, मधे चौक, आणि चौकात मी. सप्ताहातलं कीर्तन माझ्यातून, रमजानात पहाटे उठवायचो मीच. लग्नात मी, पोलिओच्या डोसाला मी, टँकर आला की मी. वरच्या आळीतल्या छबूबाईंची शेळी हरवली, तर रज्जाकनं माझ्यातून असा पुकारा केला: "काळी शेळी, पांढरा कान, सोभाव मालकिनीसारखा! सापडली तर लांबूनच कळवा!" शेळी सापडली. रज्जाक मात्र आठ दिवस छबूबाईंना सापडला नाही. लोक म्हणायचे, या भोंग्याशिवाय वाडीचं पान हलत नाही. मी फुगायचो. पत्र्याला जेवढं फुगता येतं तेवढं.

आता पान हलत नाही म्हणायला आमच्याकडं पानं होती कुठं? वाडीच्या समोर, अगदी माझ्या तोंडापुढं, एक टेकडी आहे. तिच्यावर झाड नाही, झुडूप नाही, म्हणून नाव पडलं टकला. आणि ऊन हल्ली कसं वागतंय ते तुम्ही बघताच. शिमग्यातच पत्रा भाजायला लागतो. मी पत्राच आहे, मला विचारा! पाऊस येतो तोही पाहुण्यासारखा, उंबऱ्यातूनच माघारी.

या टकल्याच्या डोक्यात हात घातला विजयाबाईंनी. विजयाबाई मूळच्या नगरच्या. आमच्या शाळेत शिकवायला आल्या आणि इथल्याच झाल्या. दोन्ही आळ्यांतल्या आजच्या बाप्यांना आणि बायामाणसांना त्यांनीच पाढे शिकवले. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, बाई टकल्यावर गेल्या. म्हणाल्या, "पाऊस टेकडीवरून घसरून निघून जातो रे. त्याला थांबायचं झालं, तर धरायला काहीतरी नको का?"

मग खड्डे झाले. कडुलिंब लागले, करंज लागले, सीताफळ लागलं. पण झाड लावणं सोपं, जगवणं अवघड. टेकडीच्या पायथ्याला पाझर तलाव आहे, वर ना नळ ना मोटार. तेव्हा बाईंनी साखळी काढली. तलावापासून शेंड्यापर्यंत माणसाला माणूस उभा करायचा आणि भरलेली घागर हातातून हातात वर सरकवायची. यातली गंमत अशी की एका आळीची माणसं टेकडीच्या निम्म्यातच संपायची. तिथं एक मोठा काळा खडक आहे. त्याच्या पुढं पाणी जायचं तर दुसरी आळी लागायचीच. दर रविवारी सकाळी रज्जाक माझ्यातून हाळी द्यायचा, "टकल्याचे केस वाळाया लागलेत हो! तेल लावाया चला!" आणि दोन्ही आळ्या घागरी घेऊन निघायच्या.

सगळ्यात पुढं श्रीमंत आणि अमीर. श्रीमंत म्हणजे छबूबाईंचा मुलगा, वरच्या आळीचा. अमीर खालच्या आळीचा. एकाचं नाव श्रीमंत, दुसऱ्याचं अमीर, आणि दोघांच्या खिशात मिळून एक विडी. तीही निम्मी निम्मी ओढायचे.

आणि मग कुणाच्या तरी मोबाईलवर तो व्हिडिओ आला. कुठल्या गावचा, कुठल्या सालचा, काही पत्ता नाही. पण बघणाऱ्याचं डोकं फिरावं म्हणूनच बनवलेला होता, आणि डोकी फिरली. वरची आळी म्हणाली, तुमची माणसं अशीच. खालची आळी म्हणाली, आधी तुमची बघा. चौकात, माझ्या खांबाखालीच, श्रीमंतनं अमीरची गचांडी धरली आणि अमीरनं श्रीमंतची. छबूबाई मधे पडल्या म्हणून रक्त निघालं नाही. पण बोलणं तुटलं ते तुटलंच. पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक झाली. दोन्ही बाजू दोन भिंतींना टेकून बसल्या. बोललं कुणीच नाही, बशीतली बिस्किटं मात्र एकोप्यानं संपली.

मोबाईलवर दोन आळ्यांचे दोन वेगळे ग्रुप झाले. वाडीला मिळून सांगावं असं काही उरलंच नाही. मग भोंगा कशाला लागतो? माझी वायर रज्जाकनं गुंडाळून ठेवली. धूळ बसली, जाळी झाली. मी चौकात असून नसल्यासारखा झालो.

एके दिवशी माझ्या तोंडावर एक साळुंकी येऊन बसली. आत वाकून बघितलं, बाहेर जाऊन नवऱ्याला घेऊन आली. दोघांनी जागा पसंत केली आणि संसार सुरू! पण बिचाऱ्यांना सामान मिळेना. काडी आणायची तर झाड पाहिजे. त्यांनी गुटख्याच्या पुड्या आणल्या, वायरचे तुकडे, टायरचा दोरा, छबूबाईंच्या गोधडीची चिंधी. असला उकिरडा माझ्या तोंडात! थुंकावं म्हटलं तरी थुंकता येईना. त्या उकिरड्यात एक दिवस तीन निळी अंडी दिसली. आणि मित्रांनो, एवढी वर्षं मी नुसता बोलत होतो. पहिल्यांदाच कुणी माझ्या तोंडात विश्वासानं काही ठेवलं.

चारच दिवस झाले असतील, श्रीमंत शिडी घेऊन आला.

"रज्जाक, उद्या सांच्याला आमच्या आळीची सभा हाय. भोंगा चालू कर."

"कशाची रं सभा?"

"टकला आमच्या आळीचा हाय, ते सांगायचंय. खालच्यांनी तिकडं पाय ठिवायचा न्हाई."

रज्जाकनं वर बघितलं, खाली बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "जमायचं न्हाई. भोंगा बाळंतीण हाय."

"काय?"

"बाळंतीण! सव्वा म्हैना उठायची न्हाई."

"चेष्टा बास कर," म्हणत श्रीमंत शिडी चढला आणि त्यानं माझ्या तोंडात हात घातला. साळुंकीनं असा कलकलाट केला म्हणता! टोपीवरून डोक्यात चोच, कानावर चोच. टोपी खाली पडली. एवढ्यात दळण घेऊन छबूबाई आल्या.

"शिरमंत! उतर खाली! बाळंतिणीच्या खोलीत गडीमानूस शिरतो का रं, मुडद्या?"

"आये, पाखरू हाय ते."

"मग? पाखराला आब न्हाई व्हय? घरटं मोडलंस तर आपल्या घराला पाय लावायचा न्हाई, सांगून ठिवते!"

श्रीमंत उतरला. टोपी झटकली आणि कुणाकडं न बघता गेला. सभा बारगळली.

हे खालच्या आळीत कळलं. पिल्लं निघाली त्या सुमाराला अमीर आला. "टकला आमचाबी हाय, ते आमालाबी सांगायचंय," म्हणाला. मग त्यानं मान वर केली. तीन लाल तोंडं उघडी टाकून बसली होती.

"रज्जाकभाई, ह्या उन्हात ह्यांना पानी कुठनं?"

"तलावावरनं आनती त्यांची आई."

अमीर माघारी गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या खांबाला पाण्यानं भरलेली एक करवंटी टांगलेली होती. कुणी टांगली ते मी बघितलंय. पण सांगणार नाही, तुम्ही हुशार आहात. छबूबाई तर रोज मूठभर बाजरी टाकायच्या आणि वर बघून विचारायच्या, "जेवलीस का गं बाई?"

इकडं टकल्यावरची झाडं माना टाकत होती. बाई एकट्या रोज कळशी घेऊन चढायच्या. एका कळशीत काय भिजणार! एका संध्याकाळी त्या खांबाजवळ आल्या.

"रज्जाक, रविवारची हाक दे. अजून दोन रविवार असेच गेले, तर एक झाड वाचायचं नाही."

"बाई, भोंगा बाळंतीण हाय."

बाईंनी वर बघितलं. पिल्लांनी खाली बघितलं. कित्येक दिवसांनी बाई हसल्या. "असू दे तिला. मी तोंडानं सांगते."

आणि बाई खरंच दारोदार गेल्या. पहिल्यांदा खालची आळी, मग वरची. प्रत्येक उंबऱ्यावर टेकल्या, प्रत्येक घरचा चहा प्याल्या. "अरे, तुमच्या भांडणात झाडांचा काय संबंध? आणि तुमचा तरी काय संबंध, त्या व्हिडिओतलं गाव कुणी पाहिलंय?" सगळे मान खाली घालून म्हणाले, "व्हय बाई." रविवारी टकल्यावर कुणी आलं नाही.

त्या संध्याकाळी बाई माझ्या खांबाला टेकून बसल्या. चपला काढल्या. टाचा भेगाळलेल्या होत्या.

"पाढे म्हणताना सगळे एका सुरात म्हणायचे रे," त्या म्हणाल्या. "आता 'व्हय बाई' पण एका सुरात म्हणतात. रज्जाक, मला पहिल्यांदाच वाटायला लागलंय..."

"काय, बाई?"

"की इथं काही उगवायचंच नाही."

रज्जाक गप्प बसला. आणि रज्जाक गप्प बसला की मला धडकी भरते. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

आठवडाभर तो फिरत होता. वरच्या आळीत देवळाच्या पायरीवर बसून, तंबाखू मळत, सहज म्हणाला, "खालची आळी म्हनती, ह्या रविवारी आमी एकट्यानं शेंड्यापतुर पानी नेतो. वरच्यांच्या कमरा गेल्यात, त्यांच्याच्यानं कळशीबी उचलायची न्हाई." मग खालच्या आळीत मशिदीसमोरच्या कट्ट्यावर बसला. "वरची आळी म्हनती, आमी एकट्यानं पानी नेतो. खालच्यांना कशाला बोलवायचं? खडकापतुरच दम निघतो त्यांचा." एवढंच. काडी टाकली आणि घरी जाऊन जेवला.

रविवार उजाडला. बाई नेहमीसारख्या एकट्याच कळशी घेऊन निघाल्या होत्या. मला वरून सगळं दिसत होतं. वरच्या आळीतून माणसं बाहेर पडली, घागरी, हंडे, कळश्या घेऊन. खालच्या आळीतूनही तशीच. बाई वाटेतच थबकल्या. तलावावर दोन्ही आळ्या समोरासमोर आल्या, पण कुणी कुणाकडं बघेना. डावीकडं एक साखळी उभी राहिली, उजवीकडं दुसरी. पाणी चढायला लागलं. आणि काळ्या खडकाशी दोन्हीकडची माणसं संपली.

पुढचं मला लांबून नुसतं दिसलं. बोलणं काय झालं ते रज्जाकनं नंतर इतक्यांदा सांगितलंय, की मला पाठ आहे. तो मीठमसाला लावतो, पण हे बाईंनीही खरं धरलंय.

खडकाच्या डाव्या अंगाला श्रीमंत, हातात भरलेली घागर. उजव्या अंगाला अमीर, हातात भरलेला हंडा. पुढं द्यायला हात नाही, खाली ठेवायला लाज. वर उभी झाडं, वाळकी, खडकापासून हाकेच्या अंतरावर. दोघांचे दंड थरथरायला लागले.

शेवटी श्रीमंत फुटला. "उचला की आता! लई म्हनत हुता, वरच्यांच्या कमरा गेल्यात!"

"आमी कवा म्हनलो?" अमीर तडकला. "तुमीच म्हनलात, आमचा खडकापतुरच दम निघतो!"

"कोन म्हनलं?"

"रज्जाकभाई म्हनला!"

"आरं, मलाबी रज्जाकच म्हनला!"

दोन्ही साखळ्यांच्या माना एकदम वळल्या. रज्जाक एका लिंबाच्या रोपामागं लपला होता. रोप कमरेएवढं, आणि रज्जाकचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर.

खालून बाईंचा आवाज आला. शाळेतला, तोच जुना. "रज्जाक! अंगठे धर!"

आणि पन्नाशीला टेकलेला, दोन लेकींची लग्नं लावलेला रज्जाक चट्कन वाकला. वाकला खरा, पण पोट मधे आलं. अंगठे काही हाताला लागेनात. डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला, आणि धप्पकन बसला.

पहिल्यांदा कोण हसलं ते ठाऊक नाही. श्रीमंत म्हणतो अमीर, अमीर म्हणतो श्रीमंत. पण सबंध टकला हसला. ते हसणं माझ्या खांबापर्यंत आलं, वायर नाही, वीज नाही, काही नाही. माझ्या पत्र्यात घुमलं. पिल्लंसुद्धा चोची मिटून ऐकत बसली.

"दात काढून झालं आसंल तर घागरी हलवा!" छबूबाई ओरडल्या. "झाडांनी काय पाप केलंय? शिरमंत, तू हो वर, घे त्याच्या हातातला हंडा. आरं, हात तुटायला आलाय त्याचा!"

श्रीमंतनं आपली घागर मागच्याकडं दिली. दोन पावलं वर चढला आणि हात पुढं केले. अमीरनं हंडा दिला.

"हळू धर. सांडवशील," अमीर म्हणाला.

"सांडलं तर तुज्याच पायावर सांडवीन."

महिन्यांमागून महिने गेल्यावरचं हे त्यांचं पहिलं धड बोलणं. मग वरची आळी खडकाच्या पुढं सरकली, खालची आळी खडकाच्या मागं, आणि दोन साखळ्यांची एक साखळी झाली. शेंड्यावरच्या करंजाला पाणी पडलं, तेव्हा ओतायला बाई होत्या. ओतून झाल्यावर त्या तिथंच मातीवर बसल्या आणि ओला हात बराच वेळ तसाच मातीवर ठेवला.

लगेच सगळं गोड झालं, असं नका समजू. काही झाडं गेलीच. काही माणसं अजून तोंड फिरवतात. पण पुढच्या रविवारी हाक द्यायची वेळ आली, तेव्हा मी सुट्टीवरच होतो. मग बाईंनी एक रीत घातली: वरच्या आळीला आवतन खालच्या आळीच्या माणसानं द्यायचं, खालच्या आळीला वरच्या आळीच्या. दारात जाऊन, तोंडानं. भोंग्यातून सांगितलेलं या कानातून येतं, त्या कानातून जातं हो. दारात आलेल्या माणसाला मात्र निदान पाणी तरी विचारावं लागतं. पाणी विचारलं की चहा येतो, चहा आला की बोलणं निघतं. असं बोलता बोलता त्या व्हिडिओचं मूळ निघालं. तो कुठल्यातरी लांबच्या मुलखातला, केव्हाचा जुना. श्रीमंतनं तो आपल्या हातानं पुसला आणि अमीरला दाखवला.

पिल्लं उडाली. रज्जाक वायर घेऊन शिडी चढला, तर छबूबाई खाली हजर. "वायर लावू नको. ते म्हायेर हाय तिचं. पुढल्या साली यायची ती." तेव्हापासून मी माहेर आहे. हुद्दा मोठा आहे बरं का!

तर मित्रांनो, जन्मभर ओरडलेल्या या भोंग्याचं एक ऐका. मोबाईलवर काही आलं आणि डोकं तापलं, तर पुढं ढकलण्याआधी शेजारच्या दारात जाऊन या. एक झाड लावा, आणि जगवायला शेजाऱ्याला बोलवा, एकट्याचा हात शेंड्यापर्यंत पोचत नसतो. अडगळीत टाकलेली जुनी वस्तू दिसली तर भंगारात घालायच्या आधी एकदा आत वाकून बघा. कुणीतरी राहत असेल.

आणि हो, तोंडातल्या बोळ्याचं राहिलंच. यंदा साळुंकी परत आली. मी म्हटलं, झालं, आल्या गुटख्याच्या पुड्या! तर ती उडाली ती थेट टकल्यावर. परत आली तेव्हा चोचीत एक काडी होती, लिंबाची, दोन पानं अजून हिरवी. तिनं ती माझ्या तोंडात ठेवली.

कडू आहे हो. पण काय गोड लागतेय म्हणून सांगू!